ऐरणीचा शेवटचा ठोका

मतदानाच्या दिवशी उजाडता उजाडता लोहाराची ऐरण वाजली आणि आमच्या खालच्या आळीत ज्याच्या हातात जे होतं ते तसंच राहिलं. लोहाराला जाऊन वर्ष होत आलं होतं.

माझ्या हातात रंधा होता. मी सुतार, माझ्या घराची आणि त्याच्या भट्टीची भिंत एकच. बायको म्हणाली, "अहो, भावोजी आले." मग स्वतःच तोंडावर हात धरला.

आम्ही निघालो. दगडखाणीची पांढरी धूळ रात्रीतून पुन्हा साऱ्या आळीवर बसली होती. पावलं उठत होती, आवाज येत नव्हता.

भट्टीत लोहाराचा मुलगा हातोडा धरून उभा होता. आदल्या संध्याकाळी शहरातून आलेला.

"इकडे कुठं? शाळेत जा ना, मतदान तिथं आहे!"

"ऐरण वाजली की इथं बसायचं," घाई म्हणाला. याला कायमची घाई, म्हणून आळीनं ठेवलेलं नाव. तोच आधी बसला.

"बाबा ऐरण वाजवायचे आणि अख्खी आळी आपल्या माणसाला मत द्यायची. लहानपणी अंथरुणातून ऐकलंय मी."

"अंथरुणातून तेवढंच ऐकू येतं, बाळा," दारातून त्याची आई, आमच्या वहिनी, म्हणाल्या. "ते नुसतं बोलवायचे. मग सगळे बोलायचे, आणि हे सगळ्यांच्या शेवटी. त्यानंतर एक ठोका. तो पडल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

लोहाराचा बसायचा पाट जागेवरच होता. गर्दी झाली तरी त्यावर कुणी बसलं नाही.

मुलगा घाम पुसत बोलला. "आपला माणूस उभा आहे. शहरात आपलं आडनाव ऐकलं की खोली मिळत नाही. त्यानं तिथं आपल्या लोकांची वस्ती वसवली. मला खोली दिली, काम दिलं. तिथं एकमेकांना धरून राहिलो नाही तर कुत्रं विचारत नाही आपल्याला."

यात खोटं काहीच नव्हतं. माना हलल्या.

"पण खाणही त्याचीच आहे," घाई म्हणाला. "सुरुंगांनी आपली विहीर आटली. उन्हाळाभर पाणी दिलं ते वरच्या आळीनं. त्यांच्या रहाटाला हात लावताना वाटलं, आजोबा मागं उभे राहून बघतायत."

"काय म्हणाले आजोबा?" मी विचारलं.

"म्हणाले, भर की लवकर! आजच कुठं गेली तुझी घाई?"

सगळे हसले. हसता हसता नजर पाटाकडे गेली आणि हसू थांबलं.

वहिनी म्हणाल्या, "खाणीच्या पहारींना शेवटपर्यंत ह्यांनीच धार लावली. आपला माणूस म्हणून. त्याच धुळीनं छाती भरली. रात्र रात्र खोकायचे." जरा थांबून म्हणाल्या, "अजून खोकतात."

भिंतीपलीकडून मीही ऐकतो.

मग एकेक जण बोलला. खाण बंद करतो म्हणणारा उमेदवार वरच्या आळीचा होता. त्या आळीला आमच्यातल्या कुणाच्या बापानंही मत दिलं नव्हतं. या वेळी प्रत्येकानं त्याचंच नाव घेतलं, तेही खालच्या आवाजात, पाटाकडे न बघता.

उरला मुलगा.

"माझी खोली जाईल," तो म्हणाला. "आळीची मतं आणतो म्हणून शब्द देऊन आलोय. आणि माझं स्वतःचं मत तर शहरात आहे."

"मत नसू दे. ऐरण तू वाजवलीस," वहिनी म्हणाल्या. "आता ह्यांना सोडव."

रस्त्यावरून आपल्या माणसाच्या जीपचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. कुणी हललं नाही. मुलगा पाटाकडे बघत राहिला. मग त्यानं हातोडा उचलला.

घाव पडला आणि हातोडा ऐरणीवरून हलकेच घसरला. ती लकब एकाच माणसाची होती. मुलगा स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिला.

आम्ही उठलो आणि मागं न बघता शाळेची वाट धरली. मागून वहिनींचा आवाज आला, दर मतदानाला यायचा तसाच.

"अहो, चला."

आम्ही सगळेच जरा हळू चालू लागलो. घाईसुद्धा.