चुन्याचे दोन पट्टे

ज्योत्स्नाने रस्त्यात गुडघा टेकून डांबरावर तळहात फिरवला. पांढरे दोन पट्टे दिसत होते, पण उंचवटा नखभरही नव्हता. हाताला लागला तो नुसता चुना.

बालाघाटहून वारासिवनीकडे जाणारा हा जुना रस्ता रुंद करायचा होता. गाड्या कुठे तुंबतात आणि का, हे शोधायला तिला पाठवलं होतं. रेल्वे फाटकापाशी तुंबतात हे शेंबडं पोरही सांगेल. पण इथे सरळसोट रस्ता, ना चौक ना फाटक, तरी येणारा प्रत्येक ट्रक करकचून ब्रेक मारी आणि मागे थेट राईस मिलपर्यंत रांग लागे. तीन दिवस या कोड्याने तिला धड जेवू दिलं नव्हतं. आणि आता कळत होतं की एवढाले ट्रक चुन्याच्या रेघांना भिऊन थांबतात. तिला हसू आवरेना.

कडेलाच दुलीचंदचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दाराआड चुन्याची बादली होती, तिच्यात कुंचा उभा.

"काका, हे पट्टे तुम्ही मारता का?"

"हौ. रोज सकाळी. गाड्यायनं पुसून जाते."

"पण काहून?"

दुलीचंदने घड्याळाकडे पाहिलं आणि हातातली ट्यूब टाकून तो उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. साडेदहा वाजले होते.

पलीकडच्या गल्लीतून त्याची बायको चंपाबाई डबा आणि पाण्याचा तांब्या घेऊन निघाली. एका ट्रकने कान किटतील असा हॉर्न दिला. तिने मानसुद्धा वळवली नाही. पट्ट्यांपाशी ट्रक थांबला, मागची रांग थांबली, आणि अंगणातून चालावं तशी ती रस्ता ओलांडून आली.

"तिले ऐकाले येत नाही," दुलीचंद म्हणाला. "पहिले इथं खरा ब्रेकर होता. नवीन डांबर टाकलं, त्यात गेला. अर्ज देल्ला, तं साहेब म्हणे, कागदावर ब्रेकर नव्हताच."

"मग तुम्हीच घरी जाऊन जेवत जा ना."

"सांगून पाह्यलं. तं म्हणते, मी का घरातच बसून राहू?" त्याने चुन्याच्या बादलीकडे पाहिलं. "आता तुमी लिहान, बेटी, गाड्या यायनंच थांबते म्हणून. मंग हे पट्टे बी जातीन."

ज्योत्स्नाला आपल्या हसण्याची लाज वाटली. चंपाबाईचं लक्ष तिच्या पांढऱ्या तळहाताकडे गेलं. काही न विचारता तिने तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं आणि पदराचं टोक पुसायला पुढे केलं.

ज्योत्स्नाने दुकानाच्या पायरीवर बसून सर्वेक्षणाचा फॉर्म मांडीवर घेतला. कागदावर येईल त्याचीच नव्या रस्त्यात सोय होईल, हे तिच्या ऑफिसातल्या अश्विन सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि मोजल्याशिवाय एकही आकडा लिहायचा नाही, हेही. 'सध्याचे गतिरोधक' या रकान्यात तिने 'एक' लिहिलं. पुढे उंची विचारली होती. पेन तिथेच अडलं.

"काका, जुना ब्रेकर किती उंच होता?"

दुलीचंदने हात पँटला पुसला आणि चार बोटं आडवी धरली.

"एवढा."

ज्योत्स्नाने खिशातून टेप काढली आणि त्याची चार बोटं नीट मोजली.