ताणावरची बाग

साहेबांचा हात वॉल्व्हला लागतोय न लागतोय, तोच ती मध्ये येऊन उभी राहिली.

"नका उघडू साहेब. बाग ताणावर आहे."

पाहणीच्या साहेबांनी हात मागे घेतला. संत्र्याची मलूल, मुडपलेली पानं त्यांनाही दिसत होती. फुलं धरावीत म्हणून झाडांचं पाणी मुद्दाम तोडलेलं. अजून आठवडाभर कळ काढली की बहार लागणार होता. आज पाणी दिलं तर नुसती पालवी फुटली असती आणि वर्ष वाया गेलं असतं.

"ताई, मला कळतंय सगळं," साहेब म्हणाले. "पण ठिबक चालू असल्याचा फोटो नसेल तर अनुदानाची फाइल पुढे सरकत नाही. अन् माझी फेरी आज संपतेय."

"पुढच्या आठवड्यात या ना."

"पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्याच कुणाच्या तरी शिव्या खात असेन." त्यांनी मोटारसायकलला किक मारली. "शेजारची बाग बघून येतो. तोवर काय ते ठरवा."

तिचे सासरे, आबा, बांधावर बसून सगळं ऐकत होते. ठिबक बसवलं त्याच दिवशी त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, अनुदान मिळालं नाही तर ह्या नळ्या उपटून टाकीन आणि पूर्वीसारखं पाटाने पाणी सोडीन. आणि आबा बोलले म्हणजे बोलले. पाटाने पाणी सोडायचं म्हणजे उन्हाळा लागायच्या आत विहीर तळाला. मागच्या वर्षी कडेची झाडं उभ्या उभ्या वाळली होती.

तिने मनाशी हिशेब केला. एका वॉल्व्हवर सहा ओळी. त्यांचा बहार गेला तर गेला, नळ्या तरी राहतील. जीव घट्ट करून ती मोटरीच्या खोलीकडे निघाली. बटणापर्यंत हात गेला, तेवढ्यात मागून पाचोळ्यात काहीतरी फरफटत गेल्याचा आवाज आला.

आबा दोन्ही हातांनी नळी ओढून काढत होते.

"आबा!" ती धावत सुटली. "अहो, साहेब परत यायचेत अजून! तेवढाही दम निघाला नाही तुम्हाला?"

रागाने तिचे डोळे भरून आले. आबांनी मान वर केली नाही. नळी ओढत ओढत त्यांनी झाडांबाहेर काढली आणि गाडीवाटेवर आडवी पसरली. तिचं एक टोक मुख्य पाइपला तसंच जोडलेलं होतं.

"बघत काय राहिलीस? पाच राहिल्यात अजून," ते धापा टाकत म्हणाले. "पाणीच बघायचंय ना त्याला? रस्त्याला पाजू."

साहेब परत आले तेव्हा गाडीवाटेच्या धुळीत थेंब थेंब पाणी पडत होतं. आत झाडं तशीच कोरडी, मुडपलेली. साहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. त्यांनी फोटो काढले.

"ठिबक चालतंय, हे लिहितो. पण नळ्या झाडांखाली नव्हत्या, हेही लिहावं लागेल मला. वरचे कदाचित नामंजूर करतील, ताई. खोटं कशाला सांगू?"

ते गेले. तिने मोटर बंद केली आणि परत आली. आबांकडे बघायचा तिला धीर होईना. नळ्या तर उपटून झाल्याच होत्या. आता आबांनी त्या परत न लावता घरी निघून जायचं, की त्यांचं म्हणणं खरं.

"वरून काही कळेपर्यंत... इथंच राहू द्यायच्या का?" तिने हळूच विचारलं.

"कळायचं तेव्हा कळेल. तोवर एखादी गाडी गेली वरून म्हणजे?"

आबा कमरेवर हात ठेवून वाकले आणि नळीचं मोकळं टोक उचलून झाडांकडे वळले.

"मधे धर. पार त्या टोकाच्या झाडापर्यंत न्यायचीय."