गिझर निर्दोष सुटला

आमचे हे कोयनेच्या पोफळी पॉवरहाउसात बत्तीस वर्षं नोकरीला होते, हे पूर्णगडात कोणाला सांगायला नको. निवृत्त होऊन इथे कातळावर घर बांधलं. आता साधा बल्ब गेला तरी हे आत्मारामपंत "कोयनेला असताना"पासून सुरुवात करतात आणि तोवर मी अंधारात भाकऱ्या थापते.

मे महिन्यात आमची ईशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा महिना, त्यात हा उकाडा. तिला आमची एसीची खोली दिली. आम्ही दोघं एसी झोपण्यापुरता लावतो, तिचा मात्र सकाळीसुद्धा चालू. तिसऱ्या दिवशी ती न्हाणीघरातून ओरडतच बाहेर आली.

"आई, नळाला करंट येतोय!"

मी जाऊन हात लावला. अगो बाय! कोपरापर्यंत झिणझिण्या.

"गिझर," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. मग उठले, गिझरची पिन काढली, तर नळ गप्प. नुसती पिन खोचली, बटण बंदच ठेवलं, तरी झिणझिण्या. "बघितलंस? गिझरच!" लगेच रत्नागिरीहून नवा गिझर आणला आणि शिट्टी वाजवत स्वतः बसवला. दुसऱ्या दिवशी ईशाने नळाला बोट लावलं आणि पुन्हा किंचाळली. शिट्टी बंद झाली.

ईशा पोटावर हात ठेवून खाटेवर बसली. "बाबा, रविवारपर्यंत बघा. नाहीतर मी चिपळूणला सासरी जाते. असल्या नळाखाली माझ्या बाळाला आंघोळ नको."

ती भांडली असती तर मी उलट भांडले असते. पण ती शांतपणे बोलली आणि बॅग भरायला लागली. पाच महिने मी दुपटी शिवत होते, अळीव निवडून ठेवले होते. पहिलं नातवंड विहिणीच्या मांडीवर खेळणार आणि मी इथे रिकाम्या दुपट्यांच्या घड्या घालणार? मला रडूच कोसळलं.

"अहो, कोणाला तरी बोलवा."

"मी? वायरमनला बोलावू? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पोफळीवाल्याची लेक नळाला घाबरून पळाली!"

हे फुगून अंगणात गेले. मी गुपचूप रत्नागिरीच्या नितेशला फोन लावला. तो एसी दुरुस्त करतो. म्हटलं, सर्व्हिसिंगला आलोय असं सांग, नळाचं नावसुद्धा काढू नको, मी हळूच दाखवते.

नितेश शनिवारी आला. एसी बंद केला, जाळी काढली आणि ती धुवायला थेट न्हाणीत शिरला.

"अरे मेल्या, थांब!" मी धावले.

त्याने नळ सोडलासुद्धा होता. काहीच झालं नाही. गिझरची पिन तर जागच्या जागी होती. मी बोट लावलं, काही नाही. नितेशने माझ्याकडे बघितलं, जाऊन एसी चालू केला आणि परत येऊन नळाला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला.

"काकू, चोर खोलीत बसलाय आणि तुम्ही न्हाणीत धाड घातलीत," तो हसला.

एसीच्या बाहेरच्या डब्यातली वायर खाऱ्या वाऱ्याने खाल्ली होती. तिथला करंट गळून डब्यावर येत होता. तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायला हवा. पण अर्थिंगचा खड्डा पडला कातळावर, ठणठणीत कोरडा. जमीन घेईना, तेव्हा करंट त्याच तारेने घरभर फिरून गिझरवर आणि तिथून नळात. नवा गिझर बिचारा उगाच आला.

आमचे हे एव्हाना मागे येऊन उभे राहिले होते. नितेशने वायर बदलली, मग मीटरजवळचा बोर्ड उघडला. करंट गळला की घरची लाईट घालवणारी ईएलसीबी असते ना, तिला वळसा घालून वायर जोडलेली होती. त्याने यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं. भला माणूस. म्हणाला, "काका, हे तुमच्या घर बांधणाऱ्या वायरमनचं काम असणार. करतात असं."

नुसतं "हो" म्हटलं असतं तरी सुटले असते.

"मी केलं," हे म्हणाले. "एप्रिलमध्ये सारखी पडायची. मॅच चालू असायची." मग ईशाकडे वळले. "कोयनेला कोणी असं केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढला असता, बाळा. तुला काही झालं असतं तर..."

आता यांना एकट्याला फासावर कसं पाठवू? मी म्हटलं, "खड्ड्याला रोज बादलीभर पाणी घाल, असं हे सांगून सांगून दमले. विहीर खाली गेली तशी मी बंद केलं. म्हटलं, माणसांना पाणी नाही आणि खड्ड्याचे कसले लाड!"

नितेशने वायर सरळ केली, बोर्डवरचं टेस्टचं बटण दाबलं आणि अख्ख्या घराची लाईट गेली. आयुष्यात पहिल्यांदा लाईट गेल्याचा मला आनंद झाला. यांनी खड्ड्यात चार बादल्या ओतल्या. मग एसी लावून, गिझर लावून, नळ दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. ईशा "पुरे" म्हणेपर्यंत सोडला नाही.

तिने चिपळूणला सासूबाईंना फोन लावला. मी दाराआड श्वास रोखून उभी.

"नाही आई, येत नाही. बाळंतपण इथेच. हो, सापडला करंट... दोघंही गुन्हेगार निघाले. पण विचारायच्या आधीच कबूल झाले दोघं. आता यांना सोडून कुठे जाऊ?"