नसलेला ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला एक खोड लागते. आमच्या क्लासच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की आपण दाबायचा. मग कुणाच्याही गाडीत बसलो तरी पाय आपला तो ब्रेक शोधत बसतो. बायको म्हणते, तुम्ही सोफ्यावर बसूनही दाबता. दाबत असेन.

ही खोड दादाकडून आली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. क्लास त्याचाच, मीही त्याच्याच हाताखाली शिकलो. आता त्याची नजर अधू झालीय. समोरचं दिसतं, कडेचं नाही. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत यायचं नाही. पण नातीला शाळेतून आणायचं काही त्याला सोडवेना. तेवढंच एक काम उरलं होतं बिचाऱ्याकडे.

म्हणून पुतण्याने नवी गाडी घेतली, स्वतः ब्रेक मारणारी. काचेमागे कॅमेरा. कुणी आडवं आलं की आधी पी पी करून ओरडते, तरी ड्रायव्हर हलला नाही तर स्वतःच ब्रेक लावते. शोरूमवाल्याने बजावलं होतं, ही मदतीला आहे, हिच्या भरवशावर चालवायचं नाही, उन्हापावसात तीही चुकते. पुतण्याने त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. तरी धाकधूक होतीच. मला म्हणाला, "काका, एकदा बाबांच्या शेजारी बसा. छोटीला त्यांच्याबरोबर सोडू की नको, तुम्ही म्हणाल तसं."

घ्या. ज्याने मला शिकवलं, त्याची परीक्षा मी घ्यायची.

दादा झकास निघाला. हात तोच, वळणं अशी घेतली की पोटातलं पाणी हलू नये. मी मनातल्या मनात पास करून मोकळा झालो. तेवढ्यात कडेने एक रंगारी पांढऱ्या पट्ट्यांवर उतरला, हातात बादली. चांगला आडवातिडवा गडी. मला दिसला. दादाचा पाय ॲक्सिलरेटरवरून हललाच नाही. माझा पाय धाडकन खाली गेला, आणि खाली काय, नुसती चटई. गाडी ओरडली आणि गचकन उभी राहिली. बादलीतला रंग बॉनेटवर.

वाटलं, आता रंगारी शिव्या देणार. तर खिडकीशी येऊन दादाला म्हणाला, "आजोबा, मी एवढा बारीक आहे का हो?"

दादाने माफी मागितली. गाडी बाजूला घेतली आणि मला म्हणाला, "बघितलंस? पाय अजून वेळेवर पडतो."

जन्मभर लोकांचे पाय बघत आलोय मी. हूं म्हटलं नुसतं.

घरी पुतण्या फाटकातच उभा. बॉनेटवरचा रंग बघितला आणि मग माझ्याकडे बघत राहिला. दादा शेजारीच. नाही म्हणावं तर त्याचं उरलंसुरलं मी काढून घेणार, आणि हो म्हणावं तर उद्या मागच्या सीटवर छोटी.

"नको सोडूस," मी म्हणालो.

दादा चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने किल्ली पुतण्याच्या हातात ठेवली. मला म्हणाला, "तुझा पाय आपटलेला ऐकला मी. रंगारी त्यानंतर दिसला."

"मग मघाशी असं का बोललास?"

"म्हटलं, तू तरी पास करशील."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला तो चपला घालून पायरीवर येऊन बसला. पुतण्या गाडी घेऊन गेला. मी दादाच्या शेजारी जाऊन बसलो. दुसरं काय करणार.