दोन घोटे शेजारी शेजारी

मी एक जुनी दिव्याची पेटी आहे. मित्रांनो, नारायण पेठेतल्या एका दवाखान्याच्या भिंतीवर माझी जागा आहे. अंग पत्र्याचे, पुढे पांढरी काच, पोटात ट्यूबलाइट. माझ्यावर एक्स-रे लावला की हाड उजळून दिसते. आता एक्स-रे संगणकावर येतात, त्यामुळे माझ्या खिळ्याला छत्रीही अडकवली जाते.

डॉक्टर पद्मजाताई मात्र मला काढू देत नाहीत. त्या पाऊल आणि घोट्याच्या डॉक्टर. दोन्ही पाय उघडे करायचे आणि आधी चांगला पाय तपासायचा, ही त्यांची रीत.

एकदा वारज्याचे हिंदुराव मुलीला, शेफालीला, घेऊन आले. ती खो-खो खेळायची. जिल्हा संघाची निवड तोंडावर आली होती आणि डावा घोटा सुजला होता. हिंदुरावांनी मोबाइल पुढे केला.

"एक्स-रे गाडीत हाय, पण फोटो बघा की. नुसता मुरगळलाय. रोज तेलानं चोळतोय."

"मोबाइलवर मी लग्नाचे फोटो बघते. एक्स-रे आणा. शेफाली, उजवा बूटही काढ."

"आवो, उजवा ठणठणीत हाय!"

"म्हणूनच. हिचं चांगलं हाड कसं असतं, ते तोच सांगेल."

घोटा चाचपत ताईंनी विचारले, "बसल्या जागी दुखतं?"

"झोपेतसुद्धा," शेफाली पुटपुटली. "पप्पांना बोलले नाही. खेळ बंद केला असता."

उजव्या घोट्याचाही एक्स-रे काढला. दोन्ही माझ्यावर शेजारी शेजारी लागले. डाव्या हाडात एक काळसर डाग होता.

"हे मुरगळणं नाही. हाडात गाठ आहे."

हिंदुरावांनी मोबाइल खिशात टाकला. "पाय जाईल का तिचा?"

"गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय सांगणार नाही. चोळणं मात्र आजपासून बंद."

गाठ कर्करोगाची नव्हती, पण हाड पोखरत होती. ताईंनी ती खरवडून काढली आणि कमरेच्या हाडाचे कण तिथे भरले. त्या वर्षीची निवड हुकली. पुढे नवे एक्स-रे माझ्यावर लागले, तेव्हा डाग भरून आला होता.

"पळू?" शेफालीने विचारले.

"आधी नीट चालून दाखव."

ती अनवाणी दारापर्यंत गेली, न लंगडता. बाहेर एक गृहस्थ एकच बूट काढून बसले होते.

"दुसरा पण काढा," हिंदुराव त्यांना म्हणाले. "इथं रीत हाय."

मित्रांनो, सूज उतरत नसेल तर चोळत बसू नका. आणि दुखणे घरच्यांपासून लपवू नका. माझा उजेड न सांगितलेल्या दुखण्यापर्यंत पोहोचत नाही.