शैलेंद्रची टुक

टुक.

लाल कापडाखाली झाकलेल्या कॉम्प्युटरमधून आवाज आला आणि खोलीभर माणसांनी हात जोडले. गोहलपुरातल्या त्या लहानशा घरात एवढी गर्दी शैलेंद्रच्या तेराव्यालाही नव्हती.

शैलेंद्र रेल्वेत होता. उन्हाळ्यात हार्ट अटॅकनं गेला. ड्यूटीवरून आला की आधी कॉम्प्युटरशी बसायचा आणि गाणी लावण्याआधी आवाज जुळवायचा. त्याच्या मशीनवर आवाज एक घर वाढवला की टुक वाजायचं, पुढच्या घराला थोडं मोठ्यानं. ती टुकटुक ऐकून त्याची बायको शरयू चहाचं आधण ठेवायची. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगून रडली होती. फिरत फिरत ते पाटणच्या शालिग्राम महाराजांच्या कानावर गेलं. दुःखातलं माणूस बोलतं, आणि असल्या लोकांना तेवढं भांडवल पुरतं.

"पहली आवाज धीमी क्यों थी, माताजी?" महाराज डोळे मिटून म्हणाले. "आत्मा दूर थी. आता बघा, जवळ येऊन राहिली."

टुक. टुक. टुक. दरवेळी थोडी मोठी.

शरयूच्या डोळ्यांना धार लागली. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मी शाळेत फिजिक्स शिकवते आणि यांच्या शेजारी राहते. पण मी आले होते अवंतिकासाठी. शैलेंद्रच्या या मुलीला लहानपणापासून डायबिटीस आहे. प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं, आणि सकाळचं इंजेक्शन महाराजांनी देऊ दिलं नव्हतं. पोरगी भिंतीला टेकून सारखी पाणी पीत होती. ओठ सुकले होते.

"शैलेंद्र बेटा," महाराजांनी स्वर लावला, "बिटिया की सुई बंद करें? हां हो तो एक बार बोल."

टुक.

"झालं," शैलेंद्रचे मोठे भाऊ भय्यासाहेब म्हणाले. "बापानंच सांगितलं. शरयू, ते इंजेक्शन फेकून दे."

शरयूनं इन्सुलिन ठेवलेल्या फ्रिजकडे पाहिलं.

"भय्यासाहेब, डॉक्टरांना तरी विचारा," मी म्हणाले.

"तुम्ही काहून मध्ये पडून राहिल्या, विभावरीताई? सायन्स शाळेत शिकवा."

चार बायका माझ्याकडे वळून बघू लागल्या. मला भीती वाटली ती एकाच गोष्टीची. मी भांडले असते तर मला बाहेर काढलं असतं आणि पोरगी आत राहिली असती. मी हात जोडले. कारण तेवढ्यात माझ्या डोक्यात एक शंका आली होती.

"महाराज, मलाही ऐकू द्या. शैलेंद्रदादांना म्हणा ना, आणखी जवळ या."

महाराज खूश झाले. टुक.

"आणखी." टुक, मोठी. "आणखी जवळ." टुक, त्याहून मोठी. "आणखी."

टुक. पण या वेळी आवाज वाढला नाही. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेवढीच.

"दादा थकले का, महाराज?"

"इससे पास आएगा तो देह मांगेगा," महाराज घाईनं म्हणाले.

"मग लांब जायला सांगा."

टुक, टुक. लहान होत गेली.

अवंतिकानं मान वर केली. "आई, बाबा पूर्ण वाढवायचे ना, तेव्हा असंच व्हायचं. मग पुढे वाढायचाच नाही." ती कशीबशी उठली आणि तिनं कापडाला हात घातला.

"हाथ मत लगाना! कपडा हटा तो तेरे बाप की आत्मा जल जाएगी."

पोरीचा हात थबकला. शरयू उठली. मुलीचा हात तिनं बाजूला केला आणि कापड स्वतः ओढून काढलं.

पडद्यावर आवाजाची पट्टी दिसत होती, पूर्णपेक्षा दोन घरं खाली. महाराज दचकले, शालीत खुपसलेला त्यांचा हात हलला. टुक. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पट्टी एक घर सरकली.

मी मशीनच्या मागे हात फिरवला. नखाएवढा एक रिसीव्हर खोचलेला होता. सुरुवातीला महाराजांच्या चेल्यानं 'शुद्धी' म्हणून मशीनवर नर्मदाजल शिंपडलं, तेव्हाच तो बसवला असणार. मी तो उपटला. "आता विचारा दादांना."

महाराजांनी शालीतला हात पुन्हा हलवला. कॉम्प्युटर वाजला नाही. भय्यासाहेबांनीच त्यांची शाल ओढली. मुठीत आवाज कमीजास्त करायचा रिमोट होता, आणि झाकलेल्या पडद्यामुळे पट्टी कुणाला दिसत नव्हती. एवढीच ती आत्म्याची करामत.

शरयू हे बघायला थांबली नव्हती. तिनं फ्रिज उघडला होता. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं शुगर तपासली, इंजेक्शन दिलं आणि पोरीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. भय्यासाहेब रिमोट हातात घेऊन पुढे बसले होते. "मीच फेकायला सांगत होतो," एवढंच ते वाटेत बोलले.

दोन दिवसांनी अवंतिका घरी आली. तिनं कीबोर्डवरचं बटण दाबलं. टुक.

"हा आवाज बंद करून टाकू का, आई?"

"राहू दे," शरयू म्हणाली. "फक्त पुन्हा झाकू नको."

माझंही सगळ्यांना तेवढंच सांगणं आहे. झाकलेलं उघडू नका असं कोणी बजावलं, तर आधी ते उघडून बघा. आणि तोवर औषध थांबवू नका.