क्लेपोनचं बस्तान

"ते खोकं उंबऱ्याच्या आत आलं, तर मी उंबऱ्याच्या बाहेर जाईन," मुजियाती म्हणाली आणि सोयाबीनच्या टरफलांनी बरबटलेले दोन्ही हात तिने चौकटीला टेकवले.

बाहेर गियोनो काचेची पेटी छातीशी धरून उभा होता. पेटीत जुन्या वर्तमानपत्रांवर एक तपकिरी-काळा गोळा पडला होता. त्याला डोकं आहे की नाही, तेही कळत नव्हतं.

"यू, अगं ताई, विषारी नाही तो. अजगर आहे. आणि अजगरातसुद्धा लहानखुरी जात. आफ्रिकेतली. कुणी बघितलं तरी लाजून वेटोळं करून बसतो, म्हणून तर नाव क्लेपोन."

क्लेपोन म्हणजे तांदळाच्या पिठाचा, पोटात गूळ भरलेला गोळा. मुजियातीला तो फार आवडायचा. त्या दिवसापासून काही महिने तिने तो खाल्ला नाही.

"लाजाळू आहे तर स्वतःच्या घरी लाजू दे."

"माझं घर आता कुठलं, यू? परवा मुलीकडे निघालो, बालिकपापानला. विमानात याला घेत नाहीत. आणि मास कार्यादीसारखा थोरला भाऊ सोडून दुसऱ्या कुणाला देऊ मी?"

गियोनो आणि मुजियातीचा नवरा कार्यादी यांनी सेमारांग ते सोलो या रस्त्यावर उभा जन्म एकाच बसमध्ये काढला होता. गियोनो स्टिअरिंगवर, कार्यादी दाराच्या दांडीवर. मागल्या वर्षी कार्यादीला अर्धांगाचा झटका आला. डावा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागला. शब्द डोक्यात असत, पण ओठांपर्यंत येताना वाटेत अडकत. एकदा टपरीवर चहा मागताना त्याच्या तोंडून भलताच शब्द गेला आणि चारजण हसले. तेव्हापासून त्याने बोलणंच टाकलं. मान हलवायची, नाहीतर गप्प बसायचं. ज्या माणसाच्या गप्पांनी बसमधली रडकी पोरं झोपायची, तो खिडकीपाशी खुर्चीत दिवस घालवू लागला होता.

आत्ताही तो त्या खुर्चीत होता. मुजियाती आणखी काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"रा... राहू दे, मुजी."

तिने वळून पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्याने तिचं नाव घेतलं होतं. तिचे हात चौकटीवरून आपोआप खाली आले.

गियोनोने पेटी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली, वर दिवा लावला आणि सूचना सुरू केल्या. "हे बघा, नव्या घरात आला की हा घाबरलेला असतो. आठवडाभर हात लावायचा नाही. सारखं टकामका बघायचंही नाही. दडायला अंधारी जागा द्यायची, ऊब द्यायची आणि विसरून जायचं."

"विसरूनच जायचं तर आणलास कशाला, मेल्या?" मुजियाती म्हणाली. पण मग तीच परसात गेली आणि काठ फुटलेलं एक मडकं धुऊन घेऊन आली. "याच्यात दडेल?"

मडकं उपडं घातल्याबरोबर त्या गोळ्यातून एक निमुळतं डोकं बाहेर आलं. फुटक्या काठातून ते आत शिरलं, आणि त्यामागे सगळा अजगर, सावकाश, जणू घरमालकाला जाग येऊ नये अशा बेताने. शेपटीचं टोकही आत गेलं तेव्हा कार्यादी अर्ध्या ओठांनी हसला.

दुसऱ्या दिवसापासून कार्यादीने गियोनोच्या सूचना अशा पाळल्या, की मुजियातीला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. टकामका बघायचं नाही म्हणून त्याने खुर्ची फिरवून घेतली आणि अजगराकडे पाठ करून बसला. पाहुण्यांना दारातूनच हाताने परत पाठवायचा. रेडिओ बंद. मुजियातीच्या हातून झाकण पडलं, की ओठांवर बोट ठेवायचा.

"माझ्या बाळंतपणात एवढी शांतता मिळाली असती तर!" ती म्हणायची.

आठवडा झाला. पाखरांच्या बाजारातून आणलेला पांढरा उंदीर पेटीत सोडला. क्लेपोनने मडक्यातून नाकही बाहेर काढलं नाही. उंदरानेच दोन फेऱ्या मारल्या आणि मडक्यावर चढून मिशा साफ करत बसला. पुढच्या आठवड्यात तेच. त्यात जुलै उजाडला. सालातिगा गाव डोंगराच्या कुशीत; या कोरड्या ऋतूत मेरबाबूच्या माथ्यावरून जो गारठा उतरतो, तो हाडांत शिरतो. वीज सारखी जायची. दिवा विझला की पेटीची काच बर्फासारखी लागे. एका सकाळी क्लेपोन तोंड किंचित उघडं टाकून पडलेला दिसला. श्वासाबरोबर बारीक शीळ येत होती.

मुजियातीने गियोनोला फोन लावला.

"खाल्लं नाही त्याचं काही नाही, यू. ही जातच हट्टी, महिनोन्महिने उपाशी राहतात. पण गारठा लागलाय त्याला. छातीत कफ धरला तर जाईल. ऊब दे, कशीही दे."

त्या दिवशी कार्यादीने ताट सरकवलं.

"तो खात नाही म्हणून तुम्हीपण का? वा, पाके! म्हणजे घरात दोन अजगर झाले." पाके म्हणजे पोरांचे बाबा; नवऱ्याला ती अशीच हाक मारायची.

कार्यादी खाली मान घालून लुळा हात चांगल्या हाताने चोळत राहिला. मुजियातीने त्याच्याकडे बघितलं, मग पेटीकडे, आणि मग पदर खोचावा तसा कमरेचा सारोंग घट्ट करून उठली.

घरात कायम उबदार अशी एकच जागा होती: मुजियातीच्या विकायच्या टेम्पेची खोली. उकडलेलं सोयाबीन विरजणाची भुकटी लावून केळीच्या पानांत बांधलं, की ते दोन दिवस आतल्या आत तापतं, वर पांढरी साय धरतं आणि वडी घट्ट होते. त्या पुड्यांच्या उबेनेच खोली कोंबडीच्या पोटाखालच्या जागेसारखी असे. मुजियाती तिथे कुणालाही चप्पल घालून येऊ देत नसे. आता तिने तिथे कोपऱ्यात, फळ्यांपासून लांब, एका तिवईवर अजगराची पेटी ठेवली आणि वर जुना सारोंग टाकला.

"बरा झालास की निघायचं," ती त्याला म्हणाली. "आणि माझ्या टेम्पेकडे बघायचं नाही."

ती पुड्या बांधायला बसली की तिची बडबड चालू व्हायची. आधी ती टेम्पेशी बोलायची, आता क्लेपोनशी. मुलगी बेकासीहून फोन करत नाही, डाळी महागल्या, नवरा मुका झाला. ऐकणारा मध्ये बोलत नाही, हे तिला बरं वाटू लागलं. हळूहळू शीळ थांबली. तो मडक्याबाहेर येऊन काचेला हनुवटी टेकवू लागला. मग एका दुपारी उंदीर सोडल्यावर पेटीतून धप्प आवाज आला. मुजियातीने सारोंग उचलून पाहिलं आणि ओल्या हातांनी बाहेर धावत सुटली.

"पाके! खाल्लं! अहो, खाल्लं त्यानं!"

कार्यादी तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याचे डोळे भरून आले, आणि तिला एकदम आठवलं, की आपल्याला हा प्राणी आवडत नाही.

बातमी फुटली ती वार्सीमुळे. वार्सी नाक्यावर टेम्पेची भजी तळायची; रोज सकाळी माल न्यायला यायची. एक दिवस मुजियाती मागे विहिरीवर असताना ती चप्पल काढून आत गेली आणि सारोंगखाली टेम्पेच असेल म्हणून तो उचलला. तिची किंकाळी मशिदीपर्यंत ऐकू गेली.

संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच विषय. मुजियातीने धनाचा साप पाळलाय! म्हणूनच तिचा टेम्पे एवढा खपतो. असा साप पाळला की पैसा येतो, पण मोबदल्यात घरातलं माणूस द्यावं लागतं, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. अर्धा नवरा दिलाय, अर्धा शिल्लक आहे.

पुढल्या दिवशी फक्त दोन गिऱ्हाइकं आली. त्याच्या पुढल्या दिवशी एकही नाही. मग गल्लीचे मुख्य पाक तारुनो आले. मागे वार्सी आणि पाच-सहा बायका, फाटकापाशी थांबलेल्या.

"यू मुजी, लोक काय बोलतात ते तुला कळलं असेल," तारुनो घसा साफ करत म्हणाले.

"कळलं. वार्सी, इकडे ये. अशी फाटकाआड लपू नकोस, तू काय अजगर आहेस? ह्यांना झटका कधी आला? गेल्या वर्षी. साप कधी आला? परवा-परवा. म्हणजे सापाने माझा अर्धा नवरा आगाऊ घेतला की काय? आणि धन आलं असतं तर ही कौलं गळली असती?"

मागे एक बाई फिसकन हसली. वार्सी हसली नाही. "पण टेम्पेत ठेवलास की नाही, यू? मी लोकांना तो खाऊ घालते. माझं नाव जातं."

यावर मुजियाती म्हणाली, "ते चुकलं माझं. तुझं म्हणणं बरोबर आहे. तो गारठून मरत होता आणि मला दुसरं काही सुचलं नाही. आत आहे तो सगळा माल आज तळ्यातल्या माशांना घालते. खोली धुऊन चुना लावते. मग तू येऊन बघ."

कार्यादी दाराशी येऊन उभा राहिला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "दे... देऊन टाकू, मुजी," तो कसाबसा म्हणाला. "तुझा... धंदा..."

"कुणाला द्यायचा? आत्ता कुठे त्याचं बस्तान बसतंय. परत नवं घर, परत महिनाभर उपास. जमायचं नाही." मग तिने मोठ्याने, फाटकापर्यंत जाईल असं सांगितलं, "लपवला म्हणून हे झालं. आता लपवायचाच नाही."

तिने पेटी पुढच्या खोलीत आणली आणि स्वयंपाकघराच्या सामाईक भिंतीला लावली. भिंतीपलीकडे चूल, तिच्यावर दिवसातून दोनदा सोयाबीनचं पातेलं उकळे. भिंत दिवसभर कोमट असे. रस्त्याकडची खिडकी तिने उघडी टाकली. ज्याला बघायचं त्याने बघावं.

आधी मुलं आली. मग मुलांना शोधायला आया. आणि आलेल्या प्रत्येकाला प्रश्न असायचे: हा चावतो का, झोपतो का, माणूस गिळतो का? मुजियाती कामात असायची. उत्तर द्यायला खुर्चीतला माणूसच होता.

"आ... आफ्रि... आफ्रिका," कार्यादी सांगायचा. पोरांना घाई नव्हती. अजगराइतक्याच उत्सुकतेने ती त्याच्या तोंडाकडे बघत, पुढचा शब्द कधी बाहेर येतो म्हणून. कुणी हसलं नाही. आला शब्द की दुसरा प्रश्न. दोन-तीन महिन्यांत तो अख्खी वाक्यं बोलू लागला, अडखळत, पण बोलू लागला. अजगराच्या गोष्टी संपल्या तेव्हा बसच्या सुरू झाल्या. मुजियाती पलीकडून ऐकायची. एका घाटात ब्रेक निकामी झाल्याची गोष्ट तिने शंभरदा ऐकली होती. आता त्या गोष्टीत गाडीत एक अजगरही असायचा. तिने कधी दुरुस्ती केली नाही.

वार्सी सगळ्यात शेवटी परतली. दुसऱ्याकडचा टेम्पे तेलात फुटतो म्हणाली. चुना लावलेली खोली तिने कोपऱ्याकोपऱ्यातून तपासली. पुढच्या खोलीतून जाताना मात्र ती भिंतीला अंग घासत, डोळ्यांवर हात ठेवून जायची. कार्यादी मुद्दाम म्हणायचा, "वार्सी, तो... तुला... सलाम करतोय." ती त्याला शिव्या घालायची. असं पाच वर्षं चाललं.

मग एका पहाटे कार्यादी झोपेतून उठला नाही.

घर माणसांनी भरून गेलं. मुलगी बेकासीहून आली, गियोनो समुद्र ओलांडून आला आणि मुलीच्या वरताण रडला. रोज सूर्यास्तानंतर प्रार्थनेला माणसं येत, रोज भात रांधला जाई. मुजियाती सगळं करत होती. काय करते आहे हे मात्र तिला उमजत नव्हतं. मुलगी एकदा हळूच म्हणाली, "आई, तू एकटीच आता. त्या अजगराचं काय? देऊन टाकू या का कुणाला?"

"त्याला हे घर माहीत झालंय," मुजियाती म्हणाली. पण बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत आपण त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. खाणं सोडा, प्यायला पाणीसुद्धा ठेवलेलं नाही. ती तशीच उठली.

सातव्या दिवसाची तयारी चालली होती. बायका मागे नारळ खवत होत्या, पुढच्या खोलीत कुणी नसेल असं तिला वाटलं. पडद्याशी येऊन ती थांबली.

आत वार्सी होती. तिने पेटीचं झाकण वीतभर सरकवलं होतं. हातात न्हाणीघरातला लांब दांड्याचा डबा. डोळे गच्च मिटलेले. हात होईल तेवढा लांब करून ती अंदाजाने पाणी ओतत होती. थोडं वाडग्यात पडत होतं, बरंचसं क्लेपोनच्या पाठीवर.

"हलू नको रे बाबा," ती पुटपुटत होती. "कालच्यासारखं हलू नको."

मुजियाती पडद्यामागेच उभी राहिली. झाकण परत जागेवर बसल्याचा आवाज आला, तेव्हा ती खाकरली आणि चटया घ्यायला आत गेली.